दार दुसऱ्या शीटवर

वणीच्या आमच्या लाइनीतून कधी गेलात, तर दुकानांकडे पाहू नका, पाट्यांच्या वर पाहा. खाली मोबाइलचं दुकान, चष्म्यांचं दुकान, लग्नपत्रिका छापणारा, फ्लेक्सवर दात काढून हसणारे पुढारी. त्यांच्या वर सागवानी माड्या अजून आहेत, त्यांचे लाकडी कठडे, कवेलूची छपरं आणि तिथं संसार थाटलेली कबुतरं. ही सगळी एकेकाळी घरं होती. कोर्टातले कारकून, एकदोन वकील, तीन मास्तर आणि एक पोस्टमास्तर अशी आमची लाइन. व्यापार करणाऱ्यांना आम्ही मनातल्या मनात थोडं खालचं समजायचो आणि उधारीवर साखर त्यांच्याकडूनच आणायचो. मग एसटी स्टँड आमच्या बाजूला आलं, बाजार त्याच्यामागं आला, आणि एकेका घरानं आपली ओसरी फोडून दुकान काढलं. बहुतेकांनी शहाणपणानं काढलं. म्हणजे एका अंगाला दुकान आणि दुसऱ्या अंगाला घरात जायला दार. आमच्या घराला मात्र दार राहिलं नाही. ते मी घालवलं, आणि तेही स्केल पेन्सिल घेऊन, दोन रात्री जागून, पद्धतशीर घालवलं.

आधी घर सांगतो, कारण दार गेलं म्हणजे काय गेलं ते त्याशिवाय कळायचं नाही. रस्त्याला लागून कमरेएवढा उंच ओटा. ओट्यावर चार खांबांची ओसरी, ओसरीच्या उजव्या हाताला बैठकीची खोली, आत माजघर, मग अंगण, विहीर, स्वयंपाकघर. बाबा कोर्टात रीडर होते, जजसाहेबांपुढं खटल्याचे कागद ठेवणारे. गावात त्यांना रीडरसाहेब म्हणत आणि ते तसेच वागत, घरीसुद्धा. संध्याकाळी तारखा विचारायला पक्षकार यायचे आणि कोणी कुठवर यायचं हे घरानंच ठरवून ठेवलेलं होतं. खेड्यावरचा माणूस ओट्याखाली रस्त्यावर उभा. गावातला असेल तर ओट्यावर टेकायचा. पांढऱ्या कपड्यातला ओसरीत, कोर्टातला बैठकीत, आणि माजघरात फक्त सोयरे. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण बाबांच्या नजरेत पक्कं होतं, आणि मला त्यात काही खटकायचं नाही. उलट कोण कुठं थांबला यावरून मी माणसाची किंमत लावायला शिकलो. ओट्याच्या कडेला दुपारी आई आणि शेजारच्या वेणूमावशी वाती वळत बसायच्या, तूर निवडायच्या, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाचा हिशेब चुकता करायच्या. घराला मागं एक दार होतं, पण ते संडासाच्या बोळीत उघडायचं. त्या बोळीतून फक्त सफाईवाल्या बाई येत. आम्ही ते दार वापरत नव्हतो आणि वापरत नाही याचा आम्हाला अभिमान होता.

मी यवतमाळला डिप्लोमा करत होतो. पहिलं वर्ष पास झालो होतो, म्हणजे माझ्या मते इंजिनिअर झालो होतो. सुट्टीत घरी आलो की हातात टीस्क्वेअर, नकाशे काढायची लांब पट्टी, असायचा. त्याची गरज नसायची, पण एसटीतून उतरल्यावर लोकांना तो दिसला पाहिजे ना! चहाची कपबशी कुठं ठेवली तरी मी म्हणायचो, "इथं सर्क्युलेशन अडतं, म्हणजे जायची-यायची वाट." आई म्हणायची, "बाबू, मंग तुह्या सर्क्युलेशनमंदी भाकर खाऊन घे, नाही तं थंडी होते."

त्या उन्हाळ्यात बाबांनी दुकान काढायचं ठरवलं. निवृत्ती जवळ आली होती. भाड्यानं घेणारा मिळाला तो थावरूभाऊ. मारेगावकडच्या एका तांड्यावरचा माणूस. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरायचे. हा शेती करायचा, आणि आता त्याला बैलांच्या साजाचं दुकान टाकायचं होतं: कासरे, वेसणी, झुली, गोंडे आणि घुंगरमाळा. बाबा त्याला ओळखत होते. वावराच्या बांधाची त्याची केस कोर्टात कैक वर्षं चालली होती, आणि तेवढी वर्षं तो आमच्या ओट्याखाली छत्री काखेत धरून उभा राहिलेला होता. बाबांनी त्याला कधी वर ये म्हटलं नव्हतं. भाडेकरू म्हणून होकार दिला तेव्हाही तो खालीच उभा होता.

जब्बार मिस्त्रीला बोलवायचं ठरत होतं, पण मी म्हणालो, "मिस्त्री नकाशा काढत नसतो बाबा, तो विटा लावत असतो." बाबांना हे पटलं, कारण त्यांचाही कागदावर माणसापेक्षा जास्त विश्वास. मी नकाशा काढला. काय सांगू, सुंदर होता! ओटा काढून टाकायचा, ओसरी आणि बैठक एक करायची, मधली भिंत काढून वर लोखंडी गर्डर टाकायचा, आणि समोर या टोकापासून त्या टोकापर्यंत फळ्यांचं सलग दर्शन. डावी-उजवी बाजू हुबेहूब सारखी. या सारखेपणाचाच मला मोह पडला होता. कागदावर एका अंगाला दार काढलं की तोल जात होता हो, मी काढून पाहिलं होतं! म्हणून ते खोडलं.

जेवताना पाट सरकवून मी कागद पसरला. आईनं वांग्याचं भरीत वाढता वाढता वाकून पाहिलं. तिला नकाशा वाचता येत नव्हता, असं मला वाटायचं.

"हे दुकान," ती म्हणाली. "अन् आमी कुठून जाचं?"

मी आणि बाबा एकमेकांकडे पाहून हसलो. ते हसू मला आजही आठवतं, आणि आठवलं की माझेच कान पिळावेसे वाटतात.

"आई," मी म्हणालो, "दाराचं डिटेल दुसऱ्या शीटवर येत असते."

हे खोटं नव्हतं. कॉलेजात तसंच शिकवलं होतं. दारं-खिडक्या वेगळ्या शीटवर. फक्त ती दुसरी शीट मी काढली नाही. पहिल्या शीटचंच इतकं कौतुक झालं की दुसरीची आठवण मलाही राहिली नाही आणि बाबांनाही नाही. बाबांनी माझा नकाशा परिशिष्ट म्हणून जोडला आणि अकरा वर्षांचा करारनामा स्वतःच्या हातानं लिहिला. 'सदर इमारतीचा संपूर्ण दर्शनी भाग, माजघराच्या दारापर्यंत, भाडेकरूच्या अनन्य ताब्यात राहील आणि घरमालक त्यातून जाणे-येणे करणार नाही.' कोणी मागाहून भांडण काढू नये म्हणून त्यांनी एकही फट ठेवली नव्हती. थावरूभाऊला त्यांनी तो दोनदा वाचून दाखवला. तो म्हणाला, "बराबर असन सायेब, तुमी लिवलं म्हंजे."

काम चालू असताना पुढचा सगळा भाग उघडाच होता, त्यामुळे आम्ही कुठूनही आत-बाहेर करत होतो आणि कोणाच्या काही लक्षात आलं नाही. जब्बार मिस्त्रीनं एकदा कानामागून पेन्सिल काढत विचारलं होतं, "बाबू, घरवालों का रास्ता?" मी त्याला म्हणालो, प्लॅनमध्ये आहे तेवढंच करा. त्यानं तेवढंच केलं. गर्डर मात्र मी बरोबर काढला होता, हे मी मरेपर्यंत सांगणार आहे. आजही सगळी माडी त्याच्यावर उभी आहे. थावरूभाऊनं मला आणखी एक गोष्ट विचारली, घुंगरमाळा टांगायची आडवी दांडी किती उंच लावू. मी ऐटीत सहा फूट सांगितलं. पण मोजलं जुन्या जमिनीपासून. नंतर तिच्यावर मुरूम पडला, शहाबादी फरशी पडली, जमीन अर्धा फूट वर आली. दांडी साडेपाच फुटांवर, आणि तिच्यावरून माळा खाली लोंबणार. कोणीही आत आलं की त्या डोक्याला लागायच्या. थावरूभाऊ म्हणाला, "राहू द्या इंजिनेरबाबू, गिऱ्हाईक आलं का आपोआप समजते."

अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी दुकान उघडलं. पूजा झाली, आंब्याचा रस-पोळी झाली. दिवे लागायच्या वेळेला आई कुंकवाचं ताट घेऊन वेणूमावशीकडे गेली, आणि इकडे थावरूभाऊनं फळ्या लावल्या, कुलूप घातलं, आणि तांड्याची एसटी गाठायला निघून गेला. आई परत आली. घरासमोर उभी राहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत फळ्या. दार नाही. आतून मी आणि बाबा बाहेर जायला निघालो तर आम्हीही कोंडलेलो. बाबांनी फळीवर थापा मारल्या. "मी रीडर बोलतोय!" ते आतून ओरडले. बाहेर लोक जमले. कोणीतरी म्हणालं, "रीडरसाहेबाले आत टाकलं का बे?" मागचं दार तर इतक्या वर्षांच्या गंजानं उघडेना, आणि उघडलं असतं तरी कुंकवाचं ताट घेऊन आई संडासाच्या बोळीतून येणार नव्हती. ती रस्त्यात उभी राहून शांतपणे म्हणाली, "बाबू, ते दुसरी शीट काढ नं आता."

पोस्टमास्तरांच्या मुलानं सायकल हाणली आणि थावरूभाऊला स्टँडवरून डबलसीट आणलं. तो घामाघूम. "मले वाटलं तुमचं दार अलग असन!"

"होतं," बाबा आतून म्हणाले.

फळी निघाली. थावरूभाऊनं तिथल्या तिथं किल्ली पुढं केली. "हे तुमच्यापाशी ठेवा सायेब. कवाबी या, कवाबी जा. आमच्यात रस्ता कोनाचा अडवत नाही, पाप लागते."

बाबांनी किल्लीला हात लावला नाही. "करारात किल्लीचा उल्लेख नाही," ते म्हणाले. "माझी सही आहे त्याच्यावर."

"तं कागद फाडून टाका."

कागद फाडा! बाबांना हे कोणी गाय मारा म्हटल्यासारखं वाटलं. ते आत गेले. आईनं किल्ली घेतली आणि कमरेला खोचली. "करार त्याईनं केला," ती थावरूभाऊला म्हणाली, "म्या नाही केला." त्यावर तो हसला आणि म्हणाला, "ये याडी, आंदर ये." त्याच्या बोलीत याडी म्हणजे आई. घुंगरं वाजवत ती आत आली.

आणि दुसऱ्या दिवसापासून माझे बाबा मागच्या दारानं जायला लागले. बिजागऱ्यांना रॉकेल घालून त्यांनी ते स्वतः उघडलं. काळा कोट, टोपी, हातात छत्री, आणि बोळीतल्या डुकरांना हाड हाड करत रीडरसाहेब कोर्टात निघाले. लाइनीतले लोक हसत होते, आणि हसू दाबायची तसदीही घेत नव्हते. आई रोज सांगायची, पुढून या हो, काय डोक्सं फिरलं काय तुमचं. बाबा म्हणायचे, मीच लिहिलं आणि मीच मोडलं तर उद्या लोक कोर्टाचं काय ऐकतील? मला वाटतं हे निम्मंच खरं होतं. ज्या माणसाला त्यांनी इतकी वर्षं ओट्याखाली उभं ठेवलं, त्याच्या परवानगीनं स्वतःच्या घरात शिरायचं, हे त्यांना गिळवत नव्हतं. माझं विचाराल तर मी त्या उन्हाळ्यात जेवणसुद्धा माडीवर नेऊन जेवलो. माझ्या एका रेघेपायी माझे बाबा घाणीतून घरात येत होते, आणि मला त्यांच्याकडे पाहायची लाज वाटायची. मी दुसरी शीट काढलीही, चार वेळा काढली. बाबा म्हणाले, "अकरा वर्षांनी आण."

असं पोळ्यापर्यंत चाललं. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी गावी आलो होतो. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. राजूरपासून शेतकरी आलेले, रंगीत गोंडे, बेगड, आणि प्रत्येक जण घुंगरमाळ हलवून तिचा आवाज पारखून पाहत होता. आई अंगणात पुरण वाटत होती. तेवढ्यात बोळीच्या तोंडाशी आरडाओरडा झाला. शेवाळावर बाबांचा पाय घसरला होता. टोपी एकीकडे, छत्री एकीकडे, आणि घोटा नको त्या दिशेला वळलेला. बोळी इतकी अरुंद की दोघांना मिळून माणूस उचलून नेता येईना. मी नुसता "बाबा, बाबा" करत उभा. थावरूभाऊ गिऱ्हाइकं सोडून धावत आला, त्यानं बाबांना पाठीवर घेतलं आणि सरळ दुकानाकडे वळला.

"पुढून नाही," बाबा कण्हत म्हणाले. "करारात तुझा ताबा आहे. मला हक्क नाही."

थावरूभाऊ रस्त्यात थांबला, बाबांना पाठीवर घेऊन, निम्मा बाजार पाहत असताना. "सायेब, तुमी तो कागद मले दोनदा वाचून दाखोला. म्या ध्यान देऊन आयकला. मालकानं चालत जाऊ नये, हे हाये त्याच्यात. पाठीवर बसून जाऊ नये, असं कुठी लिवलं हाये?"

बाबांनी विचार केला. देवाशपथ सांगतो, पाय मोडलेला, तोंड पांढरंफटक, आणि माझे बाबा खरोखर कलमं आठवत होते. "नाही," ते शेवटी म्हणाले. "तेवढं राहून गेलं."

"मंग झालं तं," म्हणून थावरूभाऊ आत शिरला, आणि दांडीवरच्या सगळ्या माळा एकदम वाजल्या.

त्यानं बाबांना थेट माजघरात नेलं आणि खाटेवर ठेवलं. मग एकदम भानावर आल्यासारखा दाराकडे सरकला, कारण माजघर म्हणजे सोयऱ्यांची जागा हे त्यालाही ठाऊक होतं. बाबा म्हणाले, "बसा." तो भुईवर बसायला लागला. "खाली नाही हो. इथं." बाबांनी खाटेवर हातानं जागा दाखवली. अहो-जाहो त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा केलं आणि पुढं कधी सोडलं नाही. आईनं दोघांना सारख्या कपबशीतून चहा दिला. आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बह्याडासारखा काय उभा राह्यला? डागतर आन जा."

बाबा दीड महिना माजघरात पडून होते, आणि तेव्हा त्यांना कळलं की आईला न पाहता सगळं कळतं. मला ते आधीच ठाऊक होतं, पण माझ्या सांगण्याला घरात त्या वर्षी काही वजन नव्हतं. ती वाती वळता वळता म्हणायची, "वेणू आली," आणि वेणूमावशी यायची. मावशीचा अंबाडा बारीक माळांना लागायचा, त्यांची नुसती किणकिण व्हायची. मी आलो की आधी घुंगरं आणि मग ठक्क, कारण दांडी माझ्या कपाळाला लागायची. माझीच दांडी! बाबांचा विश्वास बसेना. त्यांनी आईची रीतसर उलटतपासणी घेतली, चार दिवस तिनं सांगितलेलं आणि आलेलं माणूस टिपून ठेवलं, आणि पाचव्या दिवशी कागद ठेवून दिला. पाय बरा झाल्यावर ते काठी टेकत कोर्टात गेले. संध्याकाळी पुढून आले. करारात दुरुस्ती केली होती म्हणे, स्वतंत्र पुरवणी जोडून. त्यांच्या टोपीला मोठ्या घुंगरांची माळ लागली, जाड आवाज झाला, आणि स्वयंपाकघरातून आई मान वर न करता म्हणाली, "हे आले."

अकरा वर्षांनी मी खरंच दुसरी शीट नेली. तेव्हा माझी राळेगावला नोकरी होती, लोकांची दारं काढून झाली होती. साडेतीन फुटांचं दार, एका अंगाला, तोल गेला तर गेला. बाबांनी चष्मा लावून ती तपासली आणि म्हणाले, "दार आत उघडतं की बाहेर, लिहिलेलं नाही." आईनं तर कागदाकडे पाहिलंही नाही.

"आता कायले?" ती म्हणाली. "अलग दार केलं तं कोन आलं हे मले कसं समजन?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत लोकांनी माझ्या बरोबर नकाशांतही चुका काढल्या. चुकलेला नकाशा दुरुस्त करू न देणारी मालकीण मला एकच भेटली. मी शीट गुंडाळली आणि नळीत घातली. ती अजून माझ्याकडे आहे.

बाबा गेले ते थंडीत, सकाळी, झोपेतच. थावरूभाऊ तांड्यावरून आला तेव्हा त्याचेही केस पांढरे झाले होते. त्यानं सगळ्या फळ्या काढल्या, माल बाजूला केला. साहेबांना यातूनच न्यायचं होतं, दुसरा रस्ताच नव्हता. मग तो स्टुलावर चढला आणि एकेका घुंगरात सरकीचा कापूस कोंबत बसला, आवाज होऊ नये म्हणून. तासभर तो तेच करत होता. त्याला तेवढंच सुचलं असेल. मला तर तेवढंही सुचत नव्हतं.

आई माजघरात बायकांच्या मध्ये बसली होती. थावरूभाऊ तिला नमस्कार करायला आत आला. आला तो आवाज न करता, आणि तिनं एकदम मान वर केली.

"थावरू, घुंगरं काहून नाही वाजले?"

"बांधले याडी. म्या म्हनलं, आजच्या दिवस..."

"सोड ते," आई म्हणाली. "ते बाहीर गेले का घरातच हाये, मले कसं समजन?"

तो परत स्टुलावर चढला आणि सगळा कापूस काढला. वेळ लागला. लोक थांबले. कोणी घाई केली नाही.

मग आम्ही निघालो. मी विस्तवाचं मडकं घेऊन पुढं. त्या दांडीखालून तिरडी खांद्यावरून जात नाही हे माझ्या तेव्हा लक्षात आलं, ती हातांवर घेऊन, खाली करून न्यावी लागली. मी मागं वळून तेच सांगितलं आणि चालता चालता तोंड पुढं केलं, तोच माझं कपाळ त्या दिवशीही दांडीवर आदळलं. आतून आईचा आवाज आला, रोजचाच, वेणूमावशीला सांगावं तसा. "हा बाबू."

आणि मागून मोठ्या माळा वाजल्या, एकामागून एक, सगळ्या.

"हे गेले," आई म्हणाली.